कत्ताचिनार शाखेने उष्टी रोटी राखिली त्याची हकीकत

स्वस्ति. जरफशान नदीचे काठी कसबा कत्ताचिनार, तेथील बँकेची शाखा, तिजकडे ताश्कंदचे सदर कचेरीतून खलिता आला की, बँकेचा महोत्सव समीप आला आहे, तरी शाखेचा इतिहास व सेवकांच्या आठवणी एका पानात लिहोन पाठविणे, हयगय न करणे. त्यावरून जे डोळां देखिले आणि जे विश्वासू मुखांतून ऐकिले, ते पदरचे तिखटमीठ न लावता येथे लिहिले आहे. एक पान पुरले नाही. मोठ्या मसलतीचा मजकूर एका पानात मावत नाही, हे सदरेने समजोन घ्यावे आणि राग न धरावा.

प्रथम या जागी रेशमाचे कोश साठविण्याची वखार होती. पुढे तांबड्या निशाणाचे पातशाहीत वखार मोडोन बचतीची कचेरी केली, भिंत फोडोन एक खिडकी ठेविली, आणि खिडकीस लोखंडी गज लाविले. वखार गेली परी वास गेला नाही. अद्यापि उन्हाळ्यात भिंती तापल्या म्हणजे कोशांचा वास सुटतो आणि नवा आलेला साहेब नाक मुरडतो. मग ती पातशाही बुडाली, नोटांवरील चित्रे बदलली, आणि पुन्हा बदलली, दारावरील पाटी उतरोन नवी चढली, साहेब आले आणि गेले, आणि जो तो जाताना आपली खुर्ची सोबत नेता आली नाही म्हणोन हळहळला. खिडकी मात्र तीच राहिली, आणि खिडकीमागे सनोबर-ओपा राहिली.

ओपा म्हणजे थोरली बहीण. कसब्यातील दाढीवाले पेन्शनदारही तिला ओपाच म्हणत, कारण गजाआडून ती ज्या नजरेने पाही त्या नजरेपुढे कोणाचे वय चालत नसे. नवरा ऐन तारुण्यात निवर्तला, मूलबाळ नाही. जीभ धारेची, काम चोख, चहा हिरवा आणि बिनसाखरेचा. रोख खात्याची किल्लेदारी तिजकडे होती आणि ती तिने कोणाचे मर्जीवर नव्हे, आपल्या कुवतीवर राखिली होती.

शाखेचे पदरी नोरकुल नामे ड्रायव्हर होता. त्याचे हवाली एक हिरवी गाडी, जी चढणीस लागली म्हणजे गाढवाप्रमाणे पाय रोवून उभी राही, आणि मग पेन्शन वाटण्यास निघालेले कारकून उतरोन तीस ढकलीत. नोरकुलास आईबाप नव्हते, मावशीने वाढविला, तीही गेली. तेव्हा तो शाखेचेच मागील खोलीत खाट टाकोन राहू लागला. एके साली जर्दाळूच्या मोहोरावर बर्फ पडला आणि वरील गावांचा रस्ता बंद जाहला, तेव्हा या गड्याने पेन्शनीच्या थैल्या एका भाड्याच्या गाढवावर घातल्या, आपण गाढवापुढे चिखल तुडवीत गेला, आणि सगळ्या म्हाताऱ्यांस ज्याची त्याला पोचती करोन आला. आला तो न्यूमोनिया घेऊन आला. ओपाने त्यास मेंढीचे सूप पाजिले आणि सूप पाजिता पाजिता इतकी शिवीगाळ केली की, दुखण्याने भिऊन काढता पाय घेतला. नोरकुल शाखेतील सर्व बायांस ओपा म्हणे; सनोबरेस तेवढे नुसते सनोबर म्हणे, आणि ती रागावत नसे. ती त्यास भाऊ मानिते, ऐसे ती सांगे. बखरकारानेही तैसेच लिहावे हे उचित, म्हणोन तैसेच लिहिले आहे.

पुढे सदरेचा हुकूम सुटला की, शाखाशाखांनी आपल्या गाड्या बाळगू नयेत, रोख पोचविण्यास जिल्ह्याहून चिलखती गाडी येईल. हिरवी गाडी भंगारात गेली आणि नोरकुलाची चाकरी तिचे मागोमाग गेली. तेव्हा मुलखातील हजारो गड्यांनी जे केले तेच त्याने केले. उत्तरेस रशियाचे थंड मुलखात इमारतींचे कामावर जाण्याचे ठरविले, आणि एके सकाळी झोळी खांद्यावर घेऊन किल्ल्या परत करण्यास शाखेत आला.

आता त्या मुलखाची रीत ऐसी की, माणूस लांबच्या मजलेस निघाला म्हणजे घरची बाई तंदूरची ताजी रोटी त्याचे पुढे धरिते आणि तो तिचा एक घास तोडितो. उरलेली रोटी भिंतीवर टांगितात. ती कोणी खात नाही आणि कोणी काढीत नाही. धनी कोठेही असो, उरली रोटी खाण्यास त्यास परत यावेच लागते, ऐसा सर्वांचा पक्का समज आहे. नोरकुलास घर नव्हते आणि रोटी धरणारे कोणी नव्हते. ही गोष्ट ओपाचे ध्यानी आली तेव्हा खिडकीपुढे रांग उभी होती. तिने खिडकी लाविली, समोरील भट्टीतून वाफाळती रोटी आणिली, आणि भर कचेरीत त्याचे तोंडापुढे धरिली. नोरकुलाने काठाचा मोठा लचका तोडिला. मग ओपाने हातोडी मागविली आणि रोखीचे खिडकीवरील भिंतीत, जेथे येणाऱ्याजाणाऱ्याची पहिली नजर पडते, तेथे खिळा ठोकू लागली.

नोरकुल घास चावीत म्हणाला, "सनोबर, जरा खोल ठोक. मला उशीर होईल."

रांगेतील एकानेही कुरकुर केली नाही. पेन्शनदारांचे इतिहासात ऐसे पूर्वी घडल्याची नोंद नाही.

मग दर जुम्म्यास उत्तरेहून ओपास नोरकुलाचा फोन येऊ लागला. बर्फ किती पडला, मुकादम कैसा लुच्चा आहे, सोबतचे गडी कैसे घोरतात, एवढेच बोलणे होई, आणि शेवटी तो विचारी, "आहे ना?" ओपा मान वर करोन खिळ्याकडे पाही आणि सांगे, "आहे." रोटी वाळली, लाकडाप्रमाणे जाहली, तिजवरील ठशाची नक्षी जैशी की तैशी राहिली, आणि साले गेली. मग एका शरदात फोन थांबला. पुढील जुम्म्यास आला नाही, त्याचे पुढीलही आला नाही, आणि ओपा फोन लावी तेव्हा एक अनोळखी बाई रशियन भाषेत सांगे की, हा क्रमांक लागत नाही. ओपाने कोणास काही सांगितले नाही. परंतु खिडकीतून ती ज्यास त्यास दुप्पट खेकसू लागली, त्यावरून सर्वांनी जाणिले.

ऐशा समयी इस्कंदर रुस्तमोविच हे शाखेचे साहेब होवोन ताश्कंदहून आले. वय तरुण, सूट निळा, केस तेल लावोन मागे वळविलेले. मूळचे नूराता गावचे, परंतु शिक्षणास म्हणोन लहानपणीच राजधानीस गेले ते तिकडचेच जाहले. माणूस वाईट नव्हता. त्यास फक्त वर चढण्याची घाई होती, आणि घाईचे माणसास भिंतीवरील वस्तू दिसत नाहीत, फक्त भिंत दिसते. त्यांनी आल्या आल्या फर्मान वाचोन दाखविले की, महोत्सवापूर्वी पाहणी मंडळ येणार, करिता सर्व शाखांच्या भिंती दुधाळ पांढऱ्या कराव्या आणि त्यांवर घड्याळ व दिनदर्शिका याखेरीज तृणमात्र न ठेवावे. मग मान वर करोन रोटीकडे पाहिले आणि विचारिले की, हे काय. साहेबांस तो अजागळपणा वाटला आणि त्यांनी हुकूम केला की, रंगारी येतील तेव्हा ते आधी काढावे.

त्या दुपारी मागील खोलीत, नोरकुलाची खाट होती तेथे, मसलत बसली. ओपा होती, आणि बंदुकवाला पहारेकरी एर्गश-बोबो, म्हणजे एर्गश आजोबा, होता, जो इतका म्हातारा की चोरांनी दया करोन शाखा सोडिली होती ऐसे लोक म्हणत. एर्गश-बोबोने मत दिले की, साहेबास सांगावे, खिळ्यामागे धोक्याच्या घंटीची तार आहे, खिळा हलला की जिल्ह्याहून फौज येईल. ओपाने ते मानिले नाही. ती म्हणाली, "बोबो, खोटं बोलून राखलेली रोटी घशाखाली जायची नाही त्याच्या." एर्गश-बोबोने तिचे तोंडाकडे पाहिले आणि प्रथमच समजला की, ही बाई भिंतीकरिता भांडत नाही. रोटी उतरली तर नोरकुल मेला, ऐसे तिने मनात धरिले होते. आणि रोटी वर आहे तोवर उत्तरेहून कोणीही काहीही कळवो, ती ते मानणार नव्हती.

दुसरे दिवशी उस्ता तोशपोलात रंगारी बादल्या, शिड्या आणि दोन गडी घेऊन चाल करोन आला. पूर्वेची भिंत पडली, मग उत्तरेची पडली, दुपारी पश्चिमेचीही पांढरी जाहली, आणि चौथ्या भिंतीस शिडी लागली. उस्ता शिडीवर चढला, रोटीपाशी पोचला, आणि ब्रश बादलीत टाकोन खाली पाहू लागला.

"ही कुणाची?" त्याने विचारिले.

"नोरकुलची," एर्गश-बोबो बोलिला.

"आला नाही अजून?"

"नाही."

"मग माझ्याच्यानं व्हायचं नाही. माझा थोरला पण तिकडंच आहे." ऐसे म्हणोन उस्ताने टोपी सारखी केली, आणि भिंत मात्र अर्धी सोडणे हे कारागिरास लांच्छन, म्हणोन रोटीभोवती हातभर गोल सोडोन बाकी सर्व पांढरे केले. गोलात जुना पिवळा रंग तैसाच राहिला. याचा परिणाम ऐसा जाहला की, पूर्वी जी रोटी निरखोन पाहिल्यास दिसे, ती आता दारातूनच चौकटीतल्या तसबिरीसारखी दिसू लागली. साहेबांनी ते पाहिले आणि कपाळास हात लाविला.

मग साहेबांनी एर्गश-बोबोस हुकूम केला, तो त्याची कंबर धरिली. झाडणारणीस हुकूम केला, तो तिचे बोट चिमटले. कर्जखात्याचे कारकुनास भोवळ आली. एकाच दुपारी साऱ्या शाखेत दुखण्याची साथ पसरली, परंतु सुटीचा अर्ज कोणी केला नाही, सर्वजण कण्हत कण्हत जागेवर बसोन राहिले. बातमी फुटली, आणि कुमक म्हणोन पेन्शनदार बाया काम नसता येऊ लागल्या. येऊन बाकांवर बसत, सूर्यफुलाच्या बिया फोडीत, रोटीकडे पाहोन दुआ मागोन दोन्ही हात तोंडावरून फिरवीत आणि साहेबांकडे पाहत. कोणी अपशब्द बोलिले नाही. परंतु न बोलणाऱ्या म्हाताऱ्यांचे मोर्चे तोफेने उठत नाहीत.

तेव्हा साहेबांनी तहाचे बोलणे लाविले. म्हणाले की, रोटीचा अपमान होऊ देत नाही, ती तिजोरीत ठेवितो, सर्वांत भक्कम जागी, पाहणी जाहली की पुन्हा टांगावी. तह बरा होता आणि दुसरे कोणी असते तर घेतलाही असता. ओपाने खिडकीतूनच उत्तर दिले, "कुलपात ठेवतात ती कैद्याची रोटी. हा सुटा माणूस आहे." तह मोडला.

मग पाहणीचे आदले दिवशी इस्कंदर रुस्तमोविच यांनी कोट काढिला, बाह्या सरसाविल्या, आणि खासा आपण स्टुलावर चढले. कचेरी गच्च भरली होती आणि बिया फोडण्याचा आवाज थांबला. साहेबांचा हात दोरीपर्यंत गेला. एर्गश-बोबोने डोळे मिटिले. ओपा आपले जागेवरून उठली नाही. तिने आवाज रोजचाच ठेविला.

"इस्कंदर रुस्तमोविच, तुमची कुठं टांगलीय?"

साहेब स्टुलावरून म्हणाले, "काय?"

"घर सोडलंत तेव्हा चावली असेल की. आईनं लावली असेल कुठंतरी. जाऊन खाल्लीत का?"

साहेब उभेच राहिले. त्यांचा हात दोरीवर होता तो तैसाच राहिला, आणि मग हळूच खाली आला. ते नूरात्यास जात नसत ऐसे नव्हे. ईदेस जात, गाडी दारात चालू ठेवोन आईचे हातचा पुलाव खात, तिचे हाती भेटवस्तू देत आणि निघोन येत. परंतु शिक्षणास निघाले तेव्हा एक रोटी चावली होती, ती खाण्याचे राहोन गेले होते, आणि आई त्याविषयी कधी बोलली नव्हती. हे त्यांस त्या स्टुलावर आठवले. ते उतरले, स्टूल भिंतीशी ठेविले, कोट घातला, आणि कोणास काही न सांगता भाड्याची गाडी करोन नूरात्याचे रस्त्यास लागले.

तेथील वृत्त त्यांनीच पुढे आपल्या तोंडाने सांगितले, ते ऐसे. घरात शिरले तो रोटी चुलीवरील भिंतीस होती. आईने दर वसंतात घरास चुना दिला होता, आणि दर वसंतात रोटीभोवतीचा गोल सोडिला होता. गोलाचे काठी चुन्याचे थर इतके चढले होते की रोटी कोनाड्यात बसविल्यासारखी दिसे. साहेबांनी ती उतरविली. आई म्हणाली की, थांब, चहात भिजवू दे. साहेबांस जन्माची घाई, त्यांनी कोरडीच चावली. दाढ तुटली. आईने दाढ उचलोन धुतली, रुमालात बांधिली, मग रोटी चहात बुडविली आणि मुलापुढे बसली. आणि त्याने गाल धरोन, डोळे पुसत, शेवटच्या कणापर्यंत ती खाल्ली. त्याच रात्री त्यांनी गाडी कत्ताचिनारकडे परत फिरविली.

सकाळी पाहणी मंडळ दाखल जाहले. मंडळाचे मुख्य चष्मेवाले गृहस्थ दारातच थबकले आणि पिवळ्या गोलाकडे बोट करोन विचारते जाहले की, फर्मान पोचले नाही की काय. साहेब पुढे आले. गाल सुजोन टरबुजासारखा जाहला होता आणि शब्द निम्मेच बाहेर पडत होते.

"तो नोरकुल. आमचा ड्रायव्हर. कामावर येतोय."

मुख्यांनी साहेबांचे गालाकडे पाहिले, रोटीकडे पाहिले, बाकांवरील म्हाताऱ्यांकडे पाहिले. मग पुढे होवोन टाचा उंचाविल्या, दोन बोटे रोटीच्या काठास लाविली आणि ती बोटे आपल्या कपाळास लाविली. पाहणीचे कागदावर लिहिले की, भिंती दुरुस्त, शेरा नाही. दुपारी सर्वांनी सोमसे, म्हणजे तिकडील तंदुरी समोसे, खाल्ले. साहेबांनी फक्त चहा घेतला. खिडकीमागे ओपा त्या दिवशी कोणावर खेकसली नाही, आणि कित्येक पेन्शनदारांस तिची प्रकृती बरी नसावी ऐसे वाटले. शिकस्त टळली होती. परंतु फोन अद्याप आला नव्हता, आणि रात्री घरी ती बिनखिळ्याच्या भिंतीकडे पाहत बसे.

हिवाळा गेला. जर्दाळू मोहोरले आणि त्या साली बर्फ पडला नाही. पेन्शनीचा दिवस होता, रांग दारापर्यंत होती, आणि ओपा मान खाली घालोन एकामागोन एक माणूस हातावेगळा करीत होती. एक पांगळा गडी काठी टेकीत आला आणि रांगेत उभा राहिला. बाकांवरील बायांनी त्यास ओळखिले, परंतु त्याने ओठांवर बोट ठेविले, म्हणोन त्यांनी पदर तोंडात कोंबिले. रांग सरकत सरकत त्याची पाळी आली.

ओपा मान वर न करिता म्हणाली, "पासबुक."

"वर टांगलंय," तो म्हणाला. "आहे ना?"

ओपाचे हातातील शिक्का टेबलावर पडला. तिने मान वर केली नाही. मग म्हणाली, "आहे."

उत्तरेस इमारतीची परांची कोसळोन नोरकुलाचे पायावर पडली होती, फोन ढिगाऱ्यात गेला होता, आणि ओपाचा क्रमांक त्या फोनात होता, डोक्यात नव्हता. इस्पितळात तो लोकांस सांगे की, मला मरता येत नाही, माझी रोटी बाकी आहे. हे ऐकोन ओपाने त्यास प्रथम गाढव म्हटले, मग अधिक वाईट काही म्हटले, आणि मग ती भर कचेरीत, सर्वांदेखत, मोकळेपणी रडली. इस्कंदर रुस्तमोविच यांनी स्वहस्ते स्टूल आणिले आणि रोटी उतरविली, आणि खाणारास बजाविले की, भिजवल्याशिवाय दात लावू नये. रोटी चहात भिजली, नोरकुलाने खाल्ली, शाखेने पाहिली. पेन्शन त्या दिवशी उशिरा वाटली गेली आणि कोणाची तक्रार नाही.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. आमचे बाजूस हानी काही नाही. साहेबांचे बाजूस दाढ एक, ती नूरात्यास आईचे पेटीत आहे. उस्ता तोशपोलात उरला गोल रंगविण्यास आला होता, त्यास साहेबांनी मज्जाव केला आणि खिळ्यास अभय दिले. मग साहेबांची बदली दूर खोरेझम प्रांती जाहली. निघण्याचे सकाळी ते खिडकीपाशी घुटमळत राहिले, तेव्हा सनोबर-ओपाने रोटी आणविली आणि त्यांचे पुढे धरिली. आज खिळ्यावर जी रोटी आहे ती त्यांची आहे. घास लहान दिसतो, कारण तो एकाच बाजूचे दातांनी तोडिला आहे.

सेवकांच्या आठवणी सदरेने मागितल्या होत्या, त्या याच होत. एक दुरुस्ती बाकी आहे. वर एके जागी सनोबर-ओपा नोरकुलास भाऊ मानिते ऐसे लिहिले आहे. खरबुजांचे मोसमात त्यांचा निकाह जाहला, पुलाव एर्गश-बोबोने रांधला, आणि शाखा एक दिवस बंद होती. तरी तो शब्द खोडोन वाचावा.